‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे किती?

जुलै संपत आला होता. सातपाटीच्या बंदरावर माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या आजोबांच्या ओट्यावर मी चहा घेत बसले होते. ते तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान. सगळं गाव त्यांना काका म्हणतं, म्हणून मीही काकाच म्हणते. समोर शिवून तयार ठेवलेल्या जाळ्यांचा ढीग होता, पलीकडे नवा रंग दिलेली बोट. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते, ती बंदी उठायला तीन दिवस उरले होते. घरात लगबग चालली होती. खलाशी गावावरून आले होते, बर्फ सांगायचा होता, डिझेल भरायचं होतं. तेवढ्यात काकांच्या मोबाईलवर हवामान खात्याचं पत्रक आलं. काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, ओळींवरून नजर फिरवली आणि आत हाक दिली, ‘‘बर्फ नको सांगू रे. चार-पाच दिवस थांबायचं.’’

बस्स! हजारो रुपयांचा निर्णय, सहा माणसांच्या जिवाचा निर्णय, आणि तो एवढ्या पटकन! मी त्यांच्याकडून मोबाईल घेतला आणि तेच पत्रक वाचलं. उत्तर महाराष्ट्र किनारपट्टी. सोसाट्याचा वारा, ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ पर्यंत. तुरळक ठिकाणी मुसळधार ते अतिमुसळधार. किनारपट्टीलगत कमी दाबाचा पट्टा. समुद्रसपाटीपासून ३.१ ते ५.८ किलोमीटर उंचीवर चक्राकार वारे. प्रत्येक शब्द मराठीच होता आणि मला एकाही ओळीचा अर्थ लागत नव्हता. उत्तर महाराष्ट्र म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर नाशिक, धुळे, जळगाव आलं. खानदेशाला किनारा कुठून आला?

‘‘बाय, ही समुद्राची भाषा आहे,’’ काका म्हणाले. ‘‘दर्यावर उभं राहून बघायचं. महाराष्ट्राच्या किनाऱ्याचा वरचा अर्धा भाग म्हणजे उत्तर, खालचा दक्षिण. आपण सगळ्यात वर.’’

त्या संध्याकाळपासून आज पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत मला जे सापडलंय ते कधी एकदा कुणाला सांगते असं झालंय. मी वर्षानुवर्षं हवामानाचा अंदाज ऐकत आलेय, पेपरात वाचत आलेय, आणि मी तो एकदाही वाचलेला नव्हता! त्यातला एकही शब्द हवेत सोडलेला नसतो. प्रत्येकाच्या आत माप असतं.

मी मूळची लातूर जिल्ह्यातली. आमच्याकडे पावसाबद्दल एकच प्रश्न असतो: येणार का? आजोबा पंचांग उघडून नक्षत्राचं वाहन बघायचे. बेडूक किंवा म्हैस निघाली की घरात बरं वाटायचं. टीव्हीवर बातम्या लागल्या की वडील मराठवाड्याचं नाव येईपर्यंत थांबायचे, ‘तुरळक ठिकाणी’ एवढं ऐकलं की उठून जायचे. तुरळक म्हणजे आपल्याकडे नाहीच, असा त्यांचा अर्थ. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून जलदूत रेल्वे पाणी घेऊन लातूरला आली, ते दिवस आम्ही पाहिलेत. पहिल्या फेरीत दहा वाघिण्या होत्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी. ज्या गावात पाणी रेल्वेने येतं तिथली मुलगी मी, बदली होऊन यंदा जूनमध्ये पालघर जिल्ह्यात शिकवायला आले. इथे पाऊस येणार का असं कुणी विचारत नाही. इथले प्रश्न वेगळे. किती? कुठे? कुठल्या वाऱ्याबरोबर? भरती कितीला आहे?

पहिला शब्द मी सोडवला तो तुरळक.

हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के. ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५. ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहूनही वर. हे कळलं तेव्हा मी अक्षरशः खुर्चीतून उठले! म्हणजे ‘बहुतांश ठिकाणी पाऊस, तुरळक ठिकाणी मुसळधार’ हे वाक्य मोघम नाहीच. ते सांगतंय की शंभरातल्या पंचाहत्तरांहून जास्त केंद्रांवर पाऊस पडेल, आणि एकूण केंद्रांपैकी पाव भागापर्यंत तो जोराचा असेल. आणि मुसळधार? तोही मोजलेला. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलीमीटर म्हणजे मुसळधार. ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार. त्यापुढे अत्यंत मुसळधार. ते साडेचौसष्ट मला फार खटकत होतं, इतका विचित्र आकडा कशाला? मग उलगडा झाला. पाऊस पूर्ण सेंटिमीटरात सांगायचा तर सात ते अकरा, बारा ते वीस आणि वीसच्या वर असे हे सरळ टप्पे आहेत. मिलीमीटरात उतरवले की त्यांच्या कडा अशा दिसतात.

चोवीस तास तरी कुठून कुठे? सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. जागतिक प्रमाणवेळेनुसार पहाटे तीन वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेआठ होतात. त्या घटकेला देशभरातल्या वेधशाळा नोंद करतात. कुलाबा, सांताक्रूझ, आमच्या जवळची डहाणू, सगळ्या एकाच वेळी. माझ्या शाळेच्या प्रार्थनेच्या आगेमागे रोज एवढं मोठं मोजमाप होत असतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता!

एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जमिनीवर बरोबर एक लिटर पाणी. हे सोपं समीकरण मी शाळेत गणित म्हणून शिकवलेलंही असेन, पण त्या रात्री पहिल्यांदा मी ते आमच्या शेताला लावलं. आमचं रान अडीच एकर, म्हणजे साधारण एक हेक्टर, दहा हजार चौरस मीटर. पन्नास मिलीमीटर पाऊस पडला तर त्यावर पाच लाख लिटर पाणी पडतं. पाच लाख लिटर! जलदूतची ती पहिली फेरी, जिच्या बातम्या साऱ्या देशाने पाहिल्या, ती आमच्या एका तुकड्यावरचा पन्नास मिलीमीटर पाऊस होती. आणि ‘मुसळधार’ हा शब्दच मुळी साडेचौसष्टपासून सुरू होतो. मी वहीत ते लिहून ठेवलं आणि कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले.

मग २६ जुलै २००५ ची नोंद वाचली. त्या चोवीस तासांत मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पाऊस झाला. ९४४! लातूरला अख्ख्या वर्षात सरासरी एवढा पडत नाही. आणि त्याच चोवीस तासांत, त्याच शहरात, कुलाब्याला किती? सुमारे ७३ मिलीमीटर. दोन वेधशाळांमध्ये जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटरचं अंतर. एकीकडे माणसं गाड्यांमध्ये बुडत होती आणि दुसरीकडे नेहमीचा पावसाळी दिवस होता. तेव्हा मला ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दाचं वजन कळलं. तुरळक म्हणजे किरकोळ नाही. तो ज्या गावावर कोसळतो त्या गावासाठी तो शंभर टक्केच असतो.

पुढचं कोडं होतं त्या उंचीचं. ३.१ आणि ५.८. सरळ तीन आणि सहा का नाही? पत्रकात कधी १.५ यायचं, कधी ७.६. हे आकडे कुठून येतात याचा मी चार दिवस पिच्छा पुरवला, आणि उत्तर मिळालं तेव्हा आभाळाला मजले आहेत हे मला पहिल्यांदा दिसलं. हवामानशास्त्रज्ञ आभाळ मीटरने मोजत नाहीत, हवेच्या वजनाने मोजतात. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण हजार हेक्टोपास्कल. वर जाल तसा डोक्यावरच्या हवेचा भार कमी होतो. दाब ८५० होतो ती पातळी दीड किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराच्या थोडी खाली. ७०० होतो ती ३.१ किलोमीटरला. ५०० होतो ती ५.८ ला, तिथे निम्मी हवा आपल्या पायाखाली राहिलेली असते! दशांश चिन्हातले ते आकडे म्हणजे वजनाच्या मजल्यांचे पत्ते आहेत.

आणि त्या मजल्यांवर काय चाललंय हे कसं कळतं? फुग्याने! पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास जगभरात शेकडो ठिकाणांहून एकाच वेळी हायड्रोजन किंवा हेलियम भरलेले फुगे सोडतात. त्यांच्याखाली एक छोटी पेटी टांगलेली असते. ती वर जाताना तापमान, आर्द्रता, दाब खाली कळवत राहते, आणि फुगा कुठे वाहत गेला यावरून वारा समजतो. तीस-तीस किलोमीटर उंच जाऊन फुगा फुटतो. मुंबईतूनही तो रोज जातो. आता संध्याकाळी साडेपाचला मी कुठेही असले तरी मान वर करते. दिसत काही नाही, पण दक्षिणेकडे मुंबईत एक फुगा आमच्यासाठी चढतोय हे मला माहीत असतं.

यातली सगळ्यात थरारक गोष्ट तर या आमच्याच टापूची आहे. बंगालच्या उपसागरातली वादळं, कमी दाबाची क्षेत्रं आपण ऐकून असतो. ती जमिनीपाशी, समुद्राच्या पृष्ठभागापाशी जोरात असतात. पण अरबी समुद्राच्या ईशान्य कोपऱ्यात, म्हणजे दक्षिण गुजरात आणि उत्तर कोकणासमोर, पावसाळ्यात एक निराळाच भोवरा तयार होतो. खाली समुद्रावर त्याचा फारसा मागमूस नसतो. तो असतो वर, तीन ते सहा किलोमीटरच्या मजल्यांवर, तपांबराच्या मधोमध. तिथेच तो गरगरत राहतो, कित्येकदा चार-चार दिवस जागचा हलत नाही, आणि खाली आमच्यावर पाऊस ओतत राहतो. १९६० च्या दशकात जगभरातल्या देशांनी मिळून हिंदी महासागराचा अभ्यास करायची मोहीम काढली. त्यासाठी १९६३ मध्ये मुंबईत, कुलाब्याला, आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र उभं राहिलं. त्या मोहिमेत विमानं नेऊन पावसाळी ढगांची तपासणी झाली, आणि मिलर आणि केशवमूर्ती या शास्त्रज्ञांनी अशा एका भोवऱ्याची रचना उलगडून १९६८ मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे ज्या एका ओळीने मला त्या संध्याकाळी बुचकळ्यात टाकलं होतं, ‘३.१ ते ५.८ किलोमीटर उंचीवर चक्राकार वारे’, त्या ओळीमागे विमानातून ढगांत शिरलेली माणसं होती! आणि त्यांचा तळ होता आपल्या कुलाब्याला, जिथे १८२६ पासून वेधशाळा आहे.

हे सगळं मी काकांना सांगायला धावत गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, ‘‘खाली वारा नाही आणि आभाळही हलत नाही, असे दिवस असतात. माझा बाप म्हणायचा, अशा वेळी घर सोडू नये.’’ शास्त्रज्ञांना ज्याचा थांग लागायला विमान लागलं, त्याची सावली या माणसांनी किनाऱ्यावरून पाहिलेली होती. दोन्ही ज्ञानं एकाच ओट्यावर भेटली.

किनारपट्टीलगतचा कमी दाबाचा पट्टाही हळूहळू उमगला. दक्षिण गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्याला समांतर अशी दाबाची एक खोलगट पन्हळ तयार होते. समुद्रावरून बाष्प घेऊन आलेला वारा तिथे दाटतो, पुढे सह्याद्री त्याला वर ढकलतो, वर गेलेली हवा थंड होते आणि पाऊस होऊन उतरते. शाळेच्या भूगोलात हे मीच शिकवते. पण ‘आज पट्टा दक्षिण गुजरात ते उत्तर केरळ’ असं वाचून बाहेर आले आणि तोच पट्टा छत्रीवर वाजताना ऐकला, तेव्हा धडा पहिल्यांदा कळला.

आणि ओडिशा! पूर्वी ‘बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र, ओडिशाकडे वाटचाल’ अशी बातमी आली की मी पान उलटायचे. आपला काय संबंध? आता ती बातमी मी सगळ्यात आधी वाचते. उत्तर गोलार्धात कमी दाबाभोवती वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. ते क्षेत्र ओडिशातून छत्तीसगड, मध्य प्रदेशाकडे सरकलं की त्याच्या दक्षिण अंगाला पश्चिमेकडचे वारे जोर धरतात, आणि ते वारे येतात अरबी समुद्रावरून, आमच्या अंगणातून! दीडएक हजार किलोमीटरवर काहीतरी वळतं आणि दोन-तीन दिवसांनी सातपाटीच्या खाडीत पाणी वाढतं. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मी हे वहीत आधी लिहून ठेवलं होतं: सोमवारी तिकडे क्षेत्र तयार झालं, बुधवारी-गुरुवारी इकडे जोर वाढायला हवा. बुधवारी दुपारी वर्गात दिवे लावावे लागले. आभाळ काळं होत गेलं, कौलांवर पहिली सर आपटली आणि मी खडू हातात तसाच धरून उभी राहिले. मुलं माझ्याकडे बघत होती. पाऊस येणं हा चमत्कार नव्हता, इथे तो रोजच येतो. पण मी त्याला ओडिशातून येताना पाहिलं होतं!

त्या रात्री झोप लागेना म्हणून मी रडारचं चित्र उघडलं. मुंबईला कुलाब्यात डॉप्लर रडार आहे आणि २०२२ पासून जोगेश्वरीच्या वेरावलीला दुसरं. रडार सूक्ष्मलहरी सोडतं, त्या पावसाच्या थेंबांवर आपटून परततात. किती परतल्या यावरून पाऊस किती दाट आहे ते कळतं आणि परतलेल्या लहरींमध्ये पडलेल्या सूक्ष्म फरकावरून थेंब जवळ येताहेत की लांब जाताहेत तेही. पडद्यावर समुद्रात एक पिवळा पट्टा होता, मध्ये लाल ठिपके. काही मिनिटांनी चित्र बदललं, पट्टा किनाऱ्याकडे सरकला. पुन्हा बदललं, आणखी सरकला. मी खिडकी उघडून बसले. बाहेर किर्र शांतता, बेडूकसुद्धा थांबलेले. आणि मग आधी वारा आला, गार, खारा. माडांच्या झावळ्या एकदम एका बाजूला झाल्या. आणि पाऊस आला. पडद्यावरचा पट्टा माझ्या अंगावर पडत होता! मी हात बाहेर काढून भिजवला. रात्रीचा दीड वाजला होता आणि मी एकटीच हसत होते.

काकांना मात्र पावसाच्या आकड्यांपेक्षा वाऱ्याचे आकडे महत्त्वाचे. ‘‘पावसानं बोट बुडत नाही, वाऱ्यानं बुडते,’’ असं ते सांगतात. ताशी ४५ ते ५५ हा सततचा वेग, आणि ६५ हा मध्येच येणारा झोत. तोल जातो तो झोतानं. वाऱ्यापाठोपाठ ते लाटांची उंची बघतात. ती माहिती येते हैदराबादहून, भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून, ज्याला सगळे इन्कॉइस म्हणतात. आभाळ निरभ्र असलं की हेच केंद्र उपग्रहातून समुद्राचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य बघून मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे तेही कळवतं. हरितद्रव्य म्हणजे सूक्ष्म वनस्पती, त्यांच्यामागे छोटे जीव, त्यांच्यामागे मासे. आमच्या सातपाटीच्या पापलेटची वाट उपग्रह दाखवतो हे मी मुलांना सांगितलं तेव्हा वर्गात एक क्षण टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. पापलेट तर २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा!

तिसरी गोष्ट भरती. उधाणाची की भांगाची? अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग. खंभातच्या आखाताकडे जाऊ लागलं की भरती-ओहोटीतलं अंतर वाढत जातं, म्हणून मुंबईपेक्षा डहाणूला पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. उधाणाच्या भरतीच्या वेळीच अतिमुसळधार पाऊस आला तर खाडीतून पाणी बाहेर जाऊ शकत नाही आणि गावात शिरतं. म्हणून काका पत्रक वाचताना मनात तिथीही धरतात. चंद्र, फुगा, रडार, उपग्रह, सगळं त्या एका नजरेत असतं. त्या दिवशी त्यांनी निर्णय पटकन घेतला असं मला वाटलं होतं. खरं तर तो पन्नास वर्षं लावून घेतलेला निर्णय होता.

आणि बावटे! बंदरात तीन नंबरचा बावटा लागला, हे वाक्य मी पेपरात वाचलं होतं, पण तो झेंडा असेल असं समजत होते. एकपासून अकरापर्यंत अशी इशाऱ्यांची ही पद्धत आहे. दिवसा शंकू आणि नळकांड्याच्या आकाराच्या काळ्या खुणा वर चढवतात, रात्री लाल-पांढरे दिवे. एक आणि दोन नंबर दूर समुद्रातल्या धोक्याचे. तीन म्हणजे या बंदरावरच सोसाट्याचा वारा येऊ शकतो. पाच ते सात धोका, आठ ते दहा महाधोका. आणि अकरा? अकरा नंबर म्हणजे वादळाची सूचना देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटला! ज्यांनी ही यादी केली त्यांनी स्वतःचा आवाज बंद पडण्याचीही खूण ठेवली. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. बंदरातला माणूस एकटा पडला तर त्याला निदान हे कळावं की तो एकटा पडलाय, इतकी ती काळजी.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, १७ मे २०२१ ला तौक्ते मुंबईच्या पश्चिमेवरून गुजरातकडे गेलं, ते दोन्ही दिवस काकांना घड्याळासकट आठवतात. त्याआधी ११ नोव्हेंबर २००९ चं फयानही. कोण किती दिवस आधी परतलं, कुणी वाट पाहिली, कुणाची वाट पाहिली गेली. पत्रकातली ‘मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये’ ही ओळ ते कधीच घाईत वाचत नाहीत.

अंदाज चुकत नाही का? माझ्या वहीत पाच आठवड्यांच्या नोंदी आहेत. कित्येकदा आमच्या जिल्ह्यापुढे नारिंगी रंग होता आणि गावात दिवसभर नुसती भुरभुर झाली. आधी मी हळहळले. मग डहाणूचा, वसईचा, जव्हारचा आकडा बघू लागले आणि लक्षात आलं, पाऊस पडला होता, आमच्यावर नव्हता पडला. तो रंगही हेच सांगतो. हिरवा म्हणजे निश्चिंत असा, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. रंग पावसाला लावलेला नसतो, तो आपल्याला लावलेला असतो. आपण काय करायचं ते तो सांगतो. नारिंगी दिवशी काकांनी बोटीचा दोर दुहेरी बांधला आणि वारा आलाच नाही, तर त्यांचा एक दोर वाया गेला. एवढंच.

आता माझ्या वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात रोजचा पाऊस लिहिलेला असतो. सरळ भिंतींचा एक पत्र्याचा डबा आम्ही अंगणात, झाडापासून दूर, विटांमध्ये घट्ट बसवलाय. साडेआठला दोन मुलं फूटपट्टी घेऊन जातात. तोंड आणि तळ सारख्या मापाचे असले की डब्यातलं पाणी जितकं उंच, तितका पाऊस. एके दिवशी ७१ भरलं आणि चौथीतली एक मुलगी ओरडत आत आली, ‘‘बाई, मुसळधार! आज खरंच मुसळधार!’’ तिने पाऊस आयुष्यभर पाहिलाय. मुसळधार तिने त्या दिवशी पाहिला.

मागच्या आठवड्यात वडिलांचा फोन आला. तिकडे पावसानं ताण दिला होता, सोयाबीन शेंगेत होतं. ‘‘तुमच्याकडं तर पडतच असंल. आपल्याकडं काही येणार का?’’ तोच जुना प्रश्न. मी मराठवाड्याचं पत्रक उघडलं. लातूर जिल्ह्यात दोन दिवस तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस. एरवी ते इथेच फोन ठेवून देतात. मी म्हटलं, ‘‘बाबा, थांबा. तुरळक म्हणजे नाही असं नाही. चार ठिकाणं धरली तर त्यातल्या एकापर्यंत. ते एक आपलं शिवार असेलही.’’ मग त्यांना मी डब्याबद्दल सांगितलं, अडीच एकर आणि पाच लाख लिटरचा हिशोब सांगितला, आणि पंचाहत्तर ते शंभर मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका असं परभणीचं कृषी विद्यापीठ का सांगतं, तेही. ते बराच वेळ गप्प राहिले. यंदा ते पहिल्याच पावसावर पेरून मोकळे झाले होते आणि दुबार पेरणी करावी लागली होती. ‘‘म्हंजी मिरगाचा तो पाऊस किती होता, हे आपल्याला कधी ठावंच नव्हतं,’’ ते म्हणाले.

परवा सकाळी पावणेनऊला त्यांचा फोटो आला. आमच्या अंगणात, कडुनिंबापासून पुरेशा अंतरावर, विटांमध्ये बसवलेला एक पत्र्याचा डबा. त्यात उभी धरलेली माझी जुनी शाळेतली पट्टी. आणि खाली एका बोटाने टाइप केलेलं: ‘९ मिमी. शेजारच्या गावात काहीच नाही. तुरळक आपल्याकडं आला.’